बँकेला लोकपाल, विजेला लोकपाल. मग नळाला आणि गटाराला का नाही?

आमच्या इमारतीसमोरच्या चेंबरचे झाकण गेल्या जूनमध्ये तुटले. अ‍ॅपवर तक्रार केली, तक्रार क्रमांक आला आणि चार दिवसांनी ‘आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे’ असा संदेश आला. सोबत पुरावा म्हणून फोटोही होता. फोटोतले झाकण नवे कोरे होते, फक्त चेंबर आमचे नव्हते. मागच्या भिंतीवरची पाटी पाहता ते दोन गल्ल्या पलीकडचे असावे. पुन्हा तक्रार केली. पुन्हा ‘निकाली’. तिसऱ्या वेळी थेट वॉर्ड ऑफिसात गेलो, तर कनिष्ठ अभियंता साहेबांनी अगदी सौजन्याने सांगितले, ‘सिस्टीममध्ये क्लोज दिसतेय हो, आता मी काय करणार?’ शहराचे नाव सांगत नाही, कारण त्याची गरज नाही. हा लेख मोबाइलवर वाचणाऱ्या बहुतेकांच्या इनबॉक्समध्ये असा एखादा संदेश पडून असेल.

हेच बँकेच्या बाबतीत घडले असते तर? खात्यातून चुकीने पैसे कापले गेले आणि बँकेने तीस दिवसांत दाद दिली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे घरबसल्या तक्रार करता येते. विमा कंपनीने दावा अडवला तर विमा लोकपाल आहे. विजेचे बिल अवाच्या सवा आले आणि ग्राहक गाऱ्हाणे मंचानेही ऐकले नाही, तर मुंबई आणि नागपूरला विद्युत लोकपाल बसतात. ज्या संस्थेशी आपला रोज सकाळी नळ सोडल्यापासून रात्री रस्त्यावरचा दिवा लागेपर्यंत संबंध येतो, त्या महापालिकेविरुद्ध मात्र कुठे जायचे हे दहापैकी नऊ जणांना सांगता येणार नाही. नगरसेवकाला फोन, ओळखीच्या पत्रकाराला मेसेज, नाही तर समाजमाध्यमावर फोटो टाकून आयुक्तांना टॅग करणे, एवढीच आपली साधने.

याचे उत्तर सोपे वाटते, ‘आपल्याकडे तशी यंत्रणाच नाही’. ते उत्तर चुकीचे आहे. पण त्याकडे येण्याआधी ज्या देशात ही यंत्रणा पन्नास वर्षे चालली आहे, तिथे ती नेमकी कशी चालते हे पाहू.

इंग्लंडमध्ये कौन्सिलची तक्रार कुठे जाते?

‘ओम्बड्समन’ हा शब्द मूळ स्वीडिश. तिथे १८०९ मध्ये राजाच्या अधिकाऱ्यांवर नजर ठेवण्यासाठी संसदेने हे पद निर्माण केले. आपल्याकडे ‘लोकपाल’ आणि ‘लोकायुक्त’ हे शब्द १९६३ मध्ये लक्ष्मीमल्ल सिंघवी यांनी घडवले. ब्रिटनने १९६७ मध्ये केंद्रीय खात्यांसाठी असे पद आणले आणि १९७४ च्या कायद्याने इंग्लंडमधल्या स्थानिक कौन्सिलांसाठी वेगळी यंत्रणा उभी केली. आज तिचे नाव लोकल गव्हर्न्मेंट अँड सोशल केअर ओम्बड्समन. स्कॉटलंड आणि वेल्सची व्यवस्था निराळी आहे.

सुरुवातीला नागरिकाला थेट जाता येत नसे. तक्रार आपल्या कौन्सिलरच्या, म्हणजे नगरसेवकाच्या हातून पाठवावी लागे. आता ज्याच्या वॉर्डातली तक्रार त्याच्याच हातून ती पाठवायची, यातली गंमत मराठी वाचकाला समजावून सांगायला नको. १९८८ मध्ये ती अट गेली.

आता पद्धत अशी आहे. आधी कौन्सिलकडे तक्रार करायची आणि तिला उत्तर द्यायला पुरेसा वेळ द्यायचा. उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर ओम्बड्समनकडे जायचे. फी नाही, वकील लागत नाही. गोष्ट कळल्यापासून साधारण बारा महिन्यांच्या आत आले पाहिजे. मग ओम्बड्समनचा तपासनीस दोनच प्रश्न विचारतो. कौन्सिलच्या कारभारात चूक झाली का? आणि त्या चुकीमुळे या माणसाचे नुकसान किंवा त्याच्यावर अन्याय झाला का?

पहिला प्रश्न नीट समजून घ्यायला हवा, कारण सगळी मेख तिथे आहे. कायद्यातला शब्द ‘गैरकारभार’ अशा अर्थाचा आहे, पण कायद्याने त्याची व्याख्या केलेली नाही. १९६६ मध्ये संसदेत या विषयावर बोलताना रिचर्ड क्रॉसमन या मंत्र्यांनी एक यादी वाचली होती. पक्षपात, दुर्लक्ष, बेपर्वाई, दिरंगाई, अकार्यक्षमता, मनमानी असे त्यातले शब्द. तपासनीस आजही त्याच अंगाने विचार करतात. यात लाच हा शब्द नाही. लाच खाल्ली असेल तर ते पोलिसांचे काम. ओम्बड्समनचे काम त्या माणसासाठी आहे, ज्याच्याकडून कोणी पैसे मागितले नाहीत, फक्त त्याच्या अर्जाकडे आठ महिने कोणी पाहिले नाही.

एक उदाहरण घेऊ. गल्लीत गतिरोधक हवा म्हणून रहिवाशांनी अर्ज केला आणि कौन्सिलने नाही म्हटले. गतिरोधक हवा होता की नको, हे ओम्बड्समन ठरवत नाही. तो अधिकार निवडून आलेल्यांचा. ओम्बड्समन एवढेच पाहतो की अर्ज वाचला का, कौन्सिलने स्वतःच केलेले नियम पाळले का, जागेवर कोणी जाऊन आले का, नकाराचे कारण दिले का. या मर्यादेमुळे लोक नाराजही होतात. ‘मग तुमचा उपयोग काय?’ असे विचारणारे तिथेही आहेतच. पण याच मर्यादेमुळे निवडून आलेल्या सभागृहाला ‘हा कोण आमच्यावर बसलेला?’ असे म्हणायला जागा राहत नाही.

चूक सापडली तर काय होते? माफी मागा, राहिलेले काम अमुक तारखेपर्यंत करा, निर्णय पुन्हा घ्या, खर्च झाला असेल तो परत द्या. मनस्ताप आणि हेलपाट्यांसाठी काही रक्कम, तीही बहुतेक वेळा काहीशे पौंडच. शिवाय असे पुन्हा होऊ नये म्हणून पद्धत बदला, कर्मचाऱ्यांना शिकवा. तक्रारीही भव्यदिव्य नसतात. कचऱ्याचा डबा आठवड्यामागून आठवडे उचलला गेला नाही, वृद्ध आईच्या देखभालीचा हिशेब चुकला, विशेष गरजा असलेल्या मुलाच्या शाळेची योजना मुदतीत केली नाही. शेवटच्या प्रकारच्या तक्रारींनी गेल्या काही वर्षांत तिथल्या कार्यालयाला अक्षरशः घेरले आहे. वर्षाला साधारण पंधरा ते वीस हजार तक्रारी आणि चौकशा येतात. त्यातल्या सगळ्यांचा तपास होत नाही, आणि त्यावर टीकाही होते. ज्यांचा सखोल तपास होतो, त्यांत बहुतेकदा कौन्सिलचीच चूक निघते.

दात नसलेल्या संस्थेला कौन्सिल घाबरते का?

आता खरा धक्का. या ओम्बड्समनची शिफारस कौन्सिलवर कायद्याने बंधनकारक नाही. दंड नाही, जप्ती नाही, निलंबन नाही. आपल्या भाषेत ‘दात नसलेला वाघ’. तरीही शिफारशी पाळल्या जाण्याचे प्रमाण वर्षानुवर्षे ९९ टक्क्यांहून जास्त आहे.

इंग्रज अधिकारी आपल्यापेक्षा सज्जन असतात, असे मला वाटत नाही. माझ्या मते कारण वेगळे आहे. तिथली प्रत्येक गोष्ट उघड्यावर होते.

२०१३ पासून ओम्बड्समनचे निर्णय काही आठवड्यांनी संकेतस्थळावर टाकले जातात. तक्रारदाराचे नाव झाकलेले, कौन्सिलचे नाव ठळक. प्रकरण गंभीर असेल तर वेगळा अहवाल निघतो. तो निघाला की कौन्सिलने दोन आठवड्यांच्या आत वृत्तपत्रांत स्वतःच्या खर्चाने सूचना द्यायची, तीन आठवडे अहवाल कोणालाही पाहायला ठेवायचा, आणि तीन महिन्यांत काय केले ते कळवायचे. तरीही ऐकले नाही तर दुसरा अहवाल. त्यावरही हट्ट कायम राहिला, तर ‘आम्ही शिफारस मानली नाही आणि त्याची कारणे ही’ असे निवेदन वृत्तपत्रात छापायला ओम्बड्समन कौन्सिलला भाग पाडू शकतो. विचार करा, आपल्या महापालिकेला अर्ध्या पानाची जाहिरात देऊन सांगावे लागले की अमुक प्रभागातल्या नागरिकाला आम्ही चुकीची वागणूक दिली आणि माफी मागायला आम्ही तयार नाही. कोणता महापौर त्यावर सही करील?

त्याशिवाय दर वर्षी जुलैच्या सुमारास प्रत्येक कौन्सिलला एक पत्र जाते. तुमच्याविरुद्ध किती तक्रारी आल्या, किती खऱ्या निघाल्या, किती वेळा सांगितलेले ऐकले. ते पत्रही सर्वांसाठी खुले असते. २०१९ पासून तर नकाशाच आहे. आपल्या कौन्सिलवर बोट ठेवा, आकडे समोर. शेजारच्या कौन्सिलशी तुलना करता येते. स्थानिक वृत्तपत्राला बातमी मिळते, विरोधी पक्षाला सभेत प्रश्न मिळतो. शिक्षा करण्याचा अधिकार ओम्बड्समनकडे नाही, पण शिक्षा करू शकणाऱ्या सगळ्यांच्या हातात तो कागद ठेवतो.

केरळने काय केले?

‘ते इंग्लंड, आपले वेगळे’ असे म्हणणाऱ्यांसाठी केरळ आहे. तिथे १९९६ पासून लोकयोजना मोहिमेत राज्याच्या योजना निधीतला मोठा वाटा थेट पंचायती आणि नगरपालिकांकडे गेला. पैसा खाली गेला की तक्रारीही खाली जातात. त्याच काळात सेन समितीने सुचवले की स्थानिक संस्थांसाठी स्वतंत्र ओम्बड्समन हवा. पंचायत राज कायद्यात दुरुस्ती करून २००० मध्ये तो आला. आधी सात सदस्यांचे मंडळ होते, वर्षभरातच ते एकसदस्यीय केले आणि त्या जागी उच्च न्यायालयाचे न्यायाधीशपद भूषवलेली व्यक्ती नेमायचे ठरले. केरळच्या ओम्बड्समनकडे इंग्लंडपेक्षा जास्त अधिकार आहेत. तो नुकसानभरपाई द्यायला सांगू शकतो, संस्थेचा तोटा जबाबदार व्यक्तीकडून वसूल करायला सांगू शकतो, गुन्हा दिसला तर प्रकरण पुढे पाठवू शकतो.

हे बाकीच्या राज्यांतही व्हावे असे केंद्रालाही वाटले होते. दुसऱ्या प्रशासकीय सुधारणा आयोगाने २००७ च्या अहवालात स्थानिक संस्थांसाठी ओम्बड्समन सुचवला. तेराव्या वित्त आयोगाने तर २०१० ते २०१५ या काळातल्या कामगिरी अनुदानासाठी ती एक अटच घातली. पण जिथे हे लोक आधीच लोकायुक्तांच्या कक्षेत आहेत, तिथे तीच व्यवस्था चालू ठेवायची की नाही हे राज्याने ठरवावे, अशी मोकळीकही ठेवली.

मग महाराष्ट्रात काहीच नाही का?

आहे. आणि जवळपास इंग्लंडइतकेच जुने आहे. महाराष्ट्राचा लोकायुक्त व उपलोकायुक्त कायदा १९७१ चा. १९७२ मध्ये लोकायुक्त प्रत्यक्ष नेमणारे महाराष्ट्र हे देशातले पहिले राज्य. ओडिशाने कायदा एक वर्ष आधी केला होता, पण अंमलबजावणी फार उशिरा केली.

या कायद्यात तक्रारीचे दोन प्रकार आहेत आणि ते फार शहाणपणाने वेगळे केलेले आहेत. एक ‘आरोप’, म्हणजे भ्रष्टाचार, पदाचा गैरवापर वगैरे. दुसरा ‘गाऱ्हाणे’, म्हणजे गैरकारभारामुळे माझ्यावर झालेला अन्याय. आरोपासाठी तीन वर्षांची मुदत, गाऱ्हाण्यासाठी बारा महिन्यांची. महापालिका आणि इतर स्थानिक संस्थांच्या कर्मचाऱ्यांविरुद्धची गाऱ्हाणी लोकायुक्त ऐकतात, मुंबई महापालिकेच्या कामांवर त्यांच्यापुढे सुनावण्या झालेल्या आहेत. म्हणजे आमच्या झाकणाची दाद मागायला जागा ५० वर्षांहून अधिक काळ अस्तित्वात आहे. हे मला स्वतःला, इतकी वर्षे या विषयांवर लिहूनही, झाकण तुटेपर्यंत नीट ठाऊक नव्हते.

का ठाऊक नव्हते, याचे उत्तर त्याच कायद्यात सापडते. लोकायुक्तांची चौकशी खासगीत करायची, तक्रारदाराची आणि संबंधित लोकसेवकाची ओळख चौकशीआधी, चौकशी चालू असताना आणि नंतरही लोकांना किंवा वृत्तपत्रांना कळू द्यायची नाही, अशी त्यात तरतूद आहे. सार्वजनिक महत्त्वाच्या विषयात जाहीर चौकशीचा अपवाद आहे, पण नियम गुप्ततेचाच. ‘आरोपा’च्या बाबतीत हे समजू शकते. खोट्या आरोपाने कोणाची अब्रू जाऊ नये. पण ‘गाऱ्हाण्या’त कोणाची अब्रू झाकायची? चेंबरची?

शिफारस मानली गेली नाही तर लोकायुक्त राज्यपालांना विशेष अहवाल देतात आणि तो विधिमंडळापुढे ठेवला जातो. दर वर्षीचा एकत्रित अहवालही राज्यपालांकडेच जातो. कागद वर जातो, नागरिकाकडे खाली येत नाही. कोणत्या महापालिकेविरुद्ध किती गाऱ्हाणी आली, किती खरी निघाली, किती शिफारशी तिने मानल्या, हे आपल्या शहराच्या नावावर बोट ठेवून पाहता येईल असा नकाशा इथे नाही. तिकडे शिफारस बंधनकारक नाही, इकडेही नाही. फरक दातांचा नाही, दिव्याचा आहे.

याच मुद्द्याकडे आपल्या सार्वजनिक चर्चेचे लक्ष नसते, अशी माझी तक्रार आहे. नवे लोकायुक्त विधेयक डिसेंबर २०२२ मध्ये विधानसभेत आणि पुढच्या वर्षी विधान परिषदेत मंजूर झाले. त्यावर बोलले गेले ते मुख्यमंत्री आणि मंत्री कक्षेत येणार की नाही, परवानगी कोण देणार, याविषयी. महत्त्वाचेच प्रश्न आहेत ते. अण्णा हजारे यांच्या आंदोलनापासून ‘लोकपाल’ म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर घोटाळा पकडणारा फौजदार उभा राहतो. फौजदार हवाच. पण नळाला तीन आठवडे गढूळ पाणी येते तेव्हा घोटाळा झालेलाच असतो असे नाही. पुष्कळदा फाईल एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर गेलेली नसते, एवढेच. भ्रष्टाचार सिद्ध करायची जबाबदारी नागरिकावर टाकली, तर साध्या दुर्लक्षाला शिक्षाच उरत नाही.

सेवा हक्क कायदा पुरेसा नाही का?

२०१५ चा लोकसेवा हक्क कायदा चांगला आहे. दाखला मुदतीत मिळाला नाही तर दोन अपिले, मग आयोग, आणि अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपयांपर्यंत दंड. ‘आपले सरकार’ पोर्टलमुळे अनेकांचे हेलपाटे वाचले. पण तो अधिसूचित सेवांसाठी आहे, ज्यासाठी तुम्ही अर्ज करता आणि तुम्हाला काही मिळायचे असते. जन्मदाखला, नळजोडणी. उघडे चेंबर, बंद पथदिवे, खोटा ‘निकाली’ शेरा यांना त्या चौकटीत बसवणे कठीण.

राहिला सर्वांत जोरदार आक्षेप. निवडून आलेली महापालिका मतदाराला उत्तरदायी असते, मध्ये हा तिसरा कशाला? मतदान पाच वर्षांतून एकदा होते आणि त्यात एका झाकणाचा हिशेब होत नाही. शिवाय मुंबई महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपल्यावर तीन वर्षांहून अधिक काळ तिथे निवडून आलेला एकही नगरसेवक नव्हता, कारभार प्रशासकाकडे होता. इतर अनेक शहरांतही तेच झाले. त्या काळात मतदाराने कोणाला जाब विचारायचा होता?

दुसरा आक्षेप मला जास्त खरा वाटतो. २९ महापालिका, नगरपालिका, जिल्हा परिषदा आणि शिवाय सगळी सरकारी खाती, आणि ऐकणारे लोकायुक्त आणि उपलोकायुक्त. लोकांना हा रस्ता खरोखर कळला तर कार्यालय बुडून जाईल. म्हणून विभागवार उपलोकायुक्त हवेत, निदान गाऱ्हाण्यांपुरते. त्याला पैसा आणि माणसे लागतील. पण गाऱ्हाण्यांपुरती गुप्ततेची अट काढणे, निर्णय नाव झाकून मराठीत संकेतस्थळावर टाकणे आणि प्रत्येक महापालिकेला वर्षाचे एक जाहीर पत्र पाठवणे, याला फारसा पैसा लागत नाही. कायद्यात एक छोटी दुरुस्ती लागते.

तोपर्यंत आपण काय करायचे?

अ‍ॅपवरच्या तक्रारीचा स्क्रीनशॉट आणि क्रमांक जपून ठेवा. त्यानंतर एक साधे लेखी पत्र प्रभाग कार्यालयात द्या आणि पोच घ्या, शिक्का आणि तारखेसह. तक्रार ‘निकाली’ काढली असेल तर ती कोणत्या पाहणीच्या आधारे काढली, हे माहिती अधिकारात मागा. उत्तराची मुदत तीस दिवस. हे उत्तर फार बोलके असते, कारण पाहणीचा कागद बहुधा नसतोच. मग बारा महिन्यांच्या आत लोकायुक्तांना लिहा. ‘भ्रष्ट कारभार’ वगैरे शब्द टाळा. ते लिहिलेत की तो ‘आरोप’ होतो, त्यासाठी विहित नमुना आणि प्रतिज्ञापत्र लागते आणि सिद्ध करायचे ओझे वाढते. काय घडले, कोणत्या तारखांना कळवले, काय त्रास झाला आणि नेमके काय करून हवे, एवढेच लिहा.

आमच्या चेंबरवर सध्या सोसायटीच्या वॉचमनने टाकलेली प्लायवुडची फळी आहे, तिच्यावर दोन विटा आणि ओळखण्यासाठी लाल फडके. माहिती अधिकाराचा अर्ज दिला आहे. पहिली तक्रार १४ जूनची होती, म्हणजे बारा महिने कधी संपतात ते मी कॅलेंडरवर खूण करून ठेवले आहे.